निशाणी बांगडी

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. ते ओसरल्यावर पुढचे आठ दिवस आम्ही चिखल उपसत होतो. घरात कागद म्हणून जे काही होतं त्याचा लगदा झाला. त्यात आजोबांची लोखंडी पेटीही आली. तिच्यात ‘जुने कागद’ आहेत असं लहानपणापासून ऐकत आले होते, पण ती कुणी उघडल्याचं आठवत नव्हतं. उघडली तेव्हा आत मातीची वीट होती.

मांडणीखाली मिठाच्या बरणीचं झाकण मिळालं. बरणी फुटली, मीठ नदीला गेलं, झाकण राहिलं. हातभर अंतरावरून पाहिलं तर हिरवट जाड थाळीसारखं, वितीपेक्षा लहान, उचललं तर चांगलंच जड. जन्मापासून ते मिठावरच पाहिलेलं. पुरानंतर पितळेची भांडी चिंचेनं घासत होते, त्यातच तेही घासलं. आधी सिंह उमटला. मग त्रिशूळ घेतलेली एक बाई. कडेनं इंग्रजी अक्षरं होती, अर्थ असा की तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. बाईच्या पुढ्यात एक चौकट आणि चौकटीत माझ्या पणजोबांचं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही.

मी शाळेत गणित शिकवलं. इतिहासाशी माझा संबंध पेपरच्या सुपरव्हिजनपुरता. पण ही चकती काय आहे ते शोधायला फार वेळ लागला नाही. पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशा ब्राँझच्या चकत्या पाठवल्या, १३ लाखांहून जास्त. त्रिशूळवाली बाई म्हणजे ब्रिटानिया. मिठानं तिचा चेहरा खाल्ला होता.

पणजोबा बसऱ्याच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, लढाईत गेले एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ही चकती जिच्या हातात पडली आणि जिनं ती मिठावर ठेवली तिच्याबद्दल मात्र कुणाला काहीच सांगता येईना. आपण तिला शोधायचं असं मी ठरवलं. दोन-चार महिन्यांचं काम वाटलं होतं.

सुरुवात आत्याकडून केली. आत्या नव्वदीची, दाभोळ खाडीच्या काठावर दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. पणजी म्हणजे तिची आजी. तिनं तिला पाहिलंय, तिच्या कुशीत झोपलीय.

“आत्ये, तुझ्या आजीचं नाव काय गो?”

“बया.”

“बया हे नाव?”

“सगली बयाच म्हनायची. नाव कुनाला ठावं? काशी व्हतं वाटतं. नायतर काशी तिची सासू आसंल.”

लढाईच्या काळात घरात काय परिस्थिती होती असं विचारल्यावर आत्या तासभर बोलली. रॉकेल मिळेना म्हणून उंडीच्या तेलाचे दिवे लावले, रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला, कापड रेशनवर, लुगड्याला ठिगळं. मी भराभर लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे सगळं दुसऱ्या लढाईतलं. रंगून पडलं १९४२ साली, मुंबईची गोदी फुटली एप्रिल १९४४ मध्ये, आणि आत्याला आठवत होतं ते तेव्हाचं. पहिली लढाई तिच्या जन्माआधीच संपली. पण तिच्या डोक्यात दोन्ही लढायांची एकच गोधडी झाली होती. त्यानंतर मी प्रत्येक आठवणीला एक प्रश्न जोडायला लागले, ‘तेव्हा रॉकेल होतं का?’ रॉकेलवरून मला साल लावता यायचं. इतिहासवाल्यांची यापेक्षा चांगली रीत असेल, पण आत्याला हीच कळली.

पहिल्या लढाईचं म्हणून तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक जात्यावरची ओवी, जिच्यात ‘बसरा’ आणि ‘विसरा’ असं यमक होतं. मधले शब्द ती विसरली होती. दुसरी गोष्ट अशी की चकती आली तेव्हा बयानं कुंकू पुसलं. त्याआधी नाही. “कागद आला व्हता आधी. कागदावर तिचा इश्वास न्हवता. वाचता कुठं येत व्हतं? चकती जड लागली, तवा पटलं.”

हे मी वहीत लिहिलं आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. घरच्या गोष्टी सांगता सांगता गोल गुळगुळीत होतात.

मग कॉम्प्युटर. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर मेलेल्या सैनिकांची नावं फुकट शोधता येतात. फक्त शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं आपलं नाव इंग्रजीत कसं लिहिलं असेल ते ओळखावं लागतं. मी आमच्या आडनावाची नऊ स्पेलिंगं करून पाहिली, सातव्याला पणजोबा सापडले. शिपाई, ११७ मराठा पलटण, बसरा मेमोरियल. अमक्याचा मुलगा, अमकं गाव, दापोली, रत्नागिरी. गावाचं नाव इतकं वाकडं लिहिलेलं की मोठ्यानं तीनदा म्हटल्यावर आमचं गाव त्यातून बाहेर आलं.

बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून जास्त जणांची स्मृती आहे, म्हणजे ज्यांची कबर सापडली नाही अशांची. त्यात ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आहेत. हिंदुस्थानी शिपायांची नाहीत, त्यांचे पलटणीनुसार नुसते आकडे. या भेदभावाबद्दल कमिशननं एप्रिल २०२१ मध्ये माफी मागितली. आमच्याकडे पूर यायच्या तीन महिने आधी. पणजोबांचं नाव दगडावर नाही, पण कमिशनच्या यादीत तरी आहे. त्यांच्या नोंदीत बापाचं नाव होतं. बायकोचं नव्हतं.

११७ मराठा म्हटल्यावर कुत-अल-अमारा आलंच. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी टायग्रिसच्या एका वळणावर कुत या गावात डिव्हिजनला वेढा घातला आणि जवळजवळ पाच महिने उपाशी ठेवलं. घोडे कापून खायची पाळी आली. धर्माच्या भीतीनं कितीतरी हिंदुस्थानी शिपायांनी बरेच दिवस ते मांस नाकारलं आणि ते आणखी खंगले. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंड शरण गेला. सुमारे १३,००० माणसं कैदेत पडली, वाळवंटातून चालवत नेली. हिंदुस्थानी शिपायांतले पुष्कळजण रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. कित्येकांचा पत्ता लागला नाही.

या लढाईवर इंग्रजीत कपाटभर पुस्तकं आहेत. त्यांत टाउनशेंडचा कुत्रासुद्धा येतो. मला पाहिजे होतं ते वेगळंच. नवरा ‘बेपत्ता’ म्हणजे मेलाही नाही आणि जिताही नाही, अशा काळात खाडीकाठच्या घरात त्याची बायको काय म्हणून राहत होती? सणाला हळदीकुंकवाला तिला बोलावत होते का?

नॅशनल आर्काइव्ह्जचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल घरबसल्या पाहता येतं. तिथं ‘वूमन’ आणि ‘वॉर’ असे शब्द टाकून मी आठवडा घालवला. पंजाबबद्दल भरपूर मिळालं. लाहोरच्या म्युझियममध्ये पंजाबातल्या ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या सापडल्याची बातमीही त्याच वर्षी आली होती, ती वाचून पोटात दुखलं. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत सेन्सॉरनं उघडलेल्या हिंदुस्थानी टपालाचे इंग्रजी उतारे आहेत, काही ऑनलाइन वाचले. त्यात बायकांनी लिहवून घेतलेली पत्रं येतात, पण ती मुख्यतः फ्रान्सला गेलेल्यांची आणि बहुतेक उत्तरेकडची. मराठी शोधावी लागतात.

मुंबईला काळा घोड्यापाशी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. हे दप्तरखानं १८२१ साली सुरू झालं. ओळखपत्र, अर्ज, शिफारसपत्र हे सोपस्कार झाले की खात्याचं नाव, साल आणि क्रमांक टाकून चिठ्ठी भरायची आणि बसून राहायचं. पेन्सिलच चालते. कागद इतके कुरकुरीत की पान उलटताना पापड मोडेल तसा कोपरा मोडायची भीती. पहिल्या खेपेला मी ‘स्त्रिया’ शोधल्या आणि सापडल्याही. गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं चाललेली वॉर अँड रिलीफ फंडाची महिला शाखा. मोजे, बंड्या, बँडेजचे गठ्ठे. मुंबईतल्या बड्या घरच्या बायका विणत होत्या आणि कुणी काय दिलं ते व्यवस्थित नोंदलेलं होतं. मला त्यांचा राग नाही. पण त्या मोज्यांतला एखादा जोड माझ्या पणजोबांच्या पायात गेला असेल आणि तो विणणारीचं नाव मला कळेल, पणजीचं नाही कळणार, असं वाटून त्या दिवशी मी चर्चगेटपर्यंत चालत गेले.

लोकलमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. शेवटी गणिताची बाई. १९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये पगार. त्यातले काही घरी लावून द्यायची सोय होती. ते कसे यायचे? मनिऑर्डरनं. आणायचं कोण? पोस्टमन. घ्यायचं कोण? सही किंवा अंगठा लागणार. माणूस बेपत्ता झाला, पैसे थांबले किंवा सुरू राहिले. मेल्याचं ठरलं, फॅमिली पेन्शन लागली. पेन्शन घेणारी जिवंत आहे असा दाखला लागणार. दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद, म्हणजे तिनं पाट लावलेला नाही असाही दाखला लागणार. तो गावचा पाटील देणार. मूल मेलं तर कोतवाल नोंद करणार. सासरा मेला तर वारस लागणार, तिथं भांडण होणार, भांडणाचा कागद होणार.

कॅटलॉगात बाई सापडत नव्हती कारण सरकारला बाईशी काही देणंघेणं नव्हतंच. सरकारचं आणि घराचं देणंघेणं त्या ११ रुपयांशी होतं. तेव्हा मी बाई शोधणं सोडलं आणि रुपये शोधायला लागले.

पुढच्या खेपेला चिठ्ठ्या बदलल्या. विधवा, पेन्शन, अलॉटमेंट (म्हणजे पगारातून घरी लावून दिलेले पैसे), मिसिंग, टंचाई, मनिऑर्डर. ‘अभिलेख पटल’वरही तेच शब्द टाकले. धोरणाच्या फायली यायला लागल्या. माझी पणजी त्यांत नव्हती, पण तिच्या आयुष्याचे नियम होते. एक बारकी गोष्ट तिथंच कळली आणि पुढे सगळीकडे उपयोगी पडली. जुन्या कागदात बाई स्वतःच्या नावावर उभी नसते. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. कुठे ‘मर्द’, कुठे ‘भ्रतार’, कुठे ‘जौजे’ लिहितात, अर्थ तोच. मुलगा असला तर ‘बिन’. इंग्रज कारकुनानं हा ‘कोम’ तसाच उचलून रोमन अक्षरांत लिहिला आणि पुढे यादी टंकणाऱ्यानं ते मधलं नाव समजून टाकलं. नावाच्या मधे ‘कोम’ असं शोधायला लागल्यापासून बायका भराभर दिसायला लागल्या.

त्यात लग्नात नाव बदलायची आपली पद्धत. माहेरच्या कागदात एक बाई, सासरच्या कागदात दुसरी. दोघी एकच हे सांगणारा कागद बहुधा कधी झालेलाच नसतो.

गावपातळीवर उतरायचं तर मोडी हवी. मी २०२२ मध्ये क्लासला बसले. वर्गात मी सगळ्यांत म्हातारी. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही. तीन महिने मला सगळं ओल्या पानावरून गेलेल्या गोगलगायीसारखं दिसायचं. मग एका दुपारी ‘मौजे’ हा शब्द अख्खा डोळ्यांत शिरला, त्याच्यामागून ‘तालुके’, त्याच्यामागून एक गाव.

२०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली. न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी राज्यभर जुनी दप्तरं बाहेर काढली जात होती. ज्या गाव नमुना १४ च्या वह्या, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, मागितल्यावर मला एका कचेरीत ‘बाई, त्या वाळवीनं खाल्ल्या’ असं सांगितलं होतं, त्याच टेबलावर आल्या. वाळवीनं बरीच दया केली होती. लोक बापजाद्यांची जात शोधायला रांगेत, मोडी वाचणारा एकच आणि तो दमलेला. मी म्हटलं, मला वाचता येतं. मग सकाळी लोकांच्या नोंदी वाचून द्यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत माझी वही चाळायची, असं ठरलं. कुणाचा खापरपणजा सापडला की पेढे यायचे. माझ्यासमोर पेढ्यांचा पुडा असायचा आणि बोटाखाली १९१८ सालचे मृत्यू.

इन्फ्लुएंझा मुंबईत आला तो जून १९१८ मध्ये. दुसरी, खरी मारक लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात. आमच्याकडे तो चाकरमान्यांबरोबर बोटीनं आला असणार. आगोटीला बंद झालेल्या बोटी पावसाळा सरला की तेव्हाच सुरू व्हायच्या. त्या साली पाऊसही बुडाला होता. वहीतल्या त्या दोन महिन्यांत अक्षर बदललंय. आधीचा कोतवाल टपोरं लिहायचा, हे घाईचं, तिरकं. ‘मरणाचे कारण’ या रकान्यात पहिल्या ओळीला ‘ताप’ आणि खाली ‘कित्ता’, म्हणजे वरच्याप्रमाणेच. कित्ता, कित्ता, कित्ता, पानाच्या तळापर्यंत. पान उलटलं की पुन्हा वर एकदा ‘ताप’ आणि खाली कित्ता. वर्गात मी मुलांना कित्ता गिरवायला सांगायचे, तो शब्द मला पुन्हा तसा वापरता येईल असं वाटत नाही. बायकांची नावं पुरुषांपेक्षा जास्त दिसत होती. त्या साथीत हिंदुस्थानात बायका जास्त मेल्या हे सरकारी अहवालांतही आहे. घरोघरी आजाऱ्यांचं करायला त्याच होत्या.

तिसऱ्या पानावर आमचं आडनाव. मुलगा, वय ४. बापाच्या रकान्यात पणजोबांचं नाव. खबर देणाराच्या रकान्यात त्यांच्या भावाचं. आईला रकानाच नाही.

म्हणजे आजोबांना धाकटा भाऊ होता. घरात कुणी त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही, आत्यानंही नाही.

मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसले. मग आणखी एक गोष्ट दिसली. त्याच पानावर ज्या मुलांचे बाप आधीच मेले होते त्यांच्या नावाआधी ‘मयत’ लिहिलं होतं, चार ठिकाणी. पणजोबांच्या नावाआधी नव्हतं. कुत पडून अडीच वर्षं झाली होती. गावाच्या वहीत तो माणूस अजून जिवंत होता. आत्या म्हणत होती ते निदान या ओळीला धरून होतं. वहीतलं प्रश्नचिन्ह मी खोडलं नाही, थोडं लहान केलं.

जमिनीच्या कागदात फार हाती लागलं नाही. आम्ही खोताची कुळं. फेरफारात सासऱ्यामागे दिराचं नाव चढलं. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा वाटा नव्हता, अन्नवस्त्र फक्त. तो कायदा बदलला १९३७ साली.

राहिला भांडणाचा कागद. असा काही असेल तर तो त्या दिराच्या वंशजांकडे, म्हणजे मुंबईच्या आमच्या भाऊबंदांकडे. फोन केला की ते सावध व्हायचे. जुने कागद मागतेय म्हणजे जमिनीचा वाटा मागायला आली, एवढं सरळ गणित. मी त्यांना समजावलं की मला जमीन नको, पणजी पाहिजे. त्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. दोन वर्षं हे असंच चाललं. पण गणपती आमचा एकच, मूळ घरात बसतो. मागच्या गौरीच्या दिवशी आरती झाल्यावर एक चुलतभाऊ, ज्यानं तोवर मला नीट उत्तरही दिलं नव्हतं, प्लास्टिकची फाइल घेऊन आला. “ताई, हे कुणालाच वाचता येत नाही. बघ तुझं काय असेल तर. आणि आमच्या जमिनीचं काही असलं तर तेपण सांग.”

चार कागद होते. तीन खोताच्या पावत्या. चौथा स्टँपचा, घडीवर फाटलेला, शके १८४५ चा, म्हणजे १९२३-२४ सालचा. मोडी सुबक होती, कुणा सराईत लिहिणाऱ्याची. ओसरीवर बसून, मागे फुगड्या चालू असताना, मी अडखळत वाचत गेले. लिहून घेणार म्हणजे दीर. लिहून देणार, काशी कोम आणि पुढे पणजोबांचं नाव. जात मराठा, धंदा शेती, वय सुमारे ३०. ‘कारणे कबुलीपत्र लिहून देते ऐसी जे.’ सरकारातून मिळते ती पेन्शन अर्धी घरखर्चास देईन. अर्धी माझे खुद्द खर्चास व मुलाचे शिकणेस ठेवीन, त्यास कोणी हरकत करू नये. पश्चिमेकडील पडवी माझे राहणेस. अन्नवस्त्र घरात. मी पाट लावल्यास हे कबुलीपत्र रद्द.

सहा-सात ओळींचा मजकूर. पण अख्ख्या शोधात पहिल्यांदाच ती काही मागत होती. मुलाचं शिकणं. आजोबा सातवी पास होऊन पोस्टात लागले ते कुणाच्या जोरावर, हे घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. ते हुशार होते, एवढंच सांगितलं जायचं. धंदा शेती हेही मी दोनदा वाचलं. मेमोरियल, पेन्शन, वारस असल्या सगळ्या कागदांत मिळून तिच्या कामाचा तेवढा एकच शब्द.

खाली साक्षीदार. कोणी ‘निशाणी नांगर’ केली होती, बाजूला नांगराची वेडीवाकडी आकृती. ज्याला अक्षर येत नाही त्यानं आपल्या कामाची खूण काढायची आणि लिहिणाऱ्यानं शेजारी ‘दस्तुर’ म्हणून स्वतःचं नाव घालायचं, ही जुनी रीत. बायकांची खूण बांगडी. त्याप्रमाणे काशीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘निशाणी बांगडी’. आणि त्यापुढे तिनं ती काढली होती. रुपयापेक्षा लहान, थरथरत्या हातानं काढल्यासारखी, खालच्या बाजूला जरा उघडी राहिलेली.

विधवा बाई. हातातली काकणं कधीच फुटलेली. आणि कागदावर तिला काढायला सांगितली बांगडी.

उघड्या जागेबद्दल माझ्या भाचीचं म्हणणं की तिनं मुद्दाम फुटकी काढली असेल. हे ऐकायला फार छान वाटतं, म्हणूनच मी ते घेत नाही. बोरूनं लिहिलेल्या कागदावर शेवटाला शाई संपते. लिहिणाऱ्याचं स्वतःचं नावही शेवटच्या अक्षराशी फिकं आहे.

फोनवर फोटो काढून आत्याला दाखवला. तिनं चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं करायला मी शिकवलं. मग तिनं हातातली एक काचेची बांगडी स्क्रीनवर टेकवून पाहिली, मापाला.

“ल्हान हाय. पोरीची हाय ही.”

“तीस वर्षांची होती तेव्हा. नाव काशीच निघालं.”

“मग काशी तीच. सासू न्हवं.” थोड्या वेळानं म्हणाली, “आन म्हायेरचं?”

“ते नाही यात.”

“नसायचंच. पैसं दिराकडचं व्हतं ना, म्हायेरचं न्हवतं.”

माहेर खाडीपलीकडचं, म्हणजे गुहागर तालुक्यातलं, एवढंच तिला ठाऊक आहे. बया तरीनं जायची आणि येताना ओल्या काजूगरांची पुरचुंडी आणायची, म्हणजे उन्हाळ्यात जायची. खाडीकाठच्या पलीकडच्या गावांची मी यादी केलीय आणि त्यांची कोतवाल बुकं कुठल्या कपाटात आहेत तेही विचारून ठेवलंय. पुढच्या सोमवारी दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला उतरायचं. आत्या म्हणते मीपण येते. तिला गाडीतून उतरवता येणार नाही, गाडीसकट बोटीवर चढवावं लागेल. चकती मी तिच्या हवाली केलीय. नवी बरणी प्लास्टिकची घेतली, तिच्यावर ती बसत नाही.